साडेपंधरा इंची मान

माझा मामा माणसांची लायकी मानेच्या घेरावरून ठरवायचा. चौदा इंचांची मान म्हणजे कुणाच्या तरी हाताखाली जन्म काढणारा. पंधरा म्हणजे बायकोला विचारून बोलणारा. सोळाच्या पुढे गेली की खादाड. साडेपंधरा ही त्याच्या मते पुरुषाची एकमेव सभ्य मान होती, आणि ती अर्थातच त्याची स्वतःची होती. "अठ्ठावीस वर्षं साडेपंधरा," तो नव्या गिऱ्हाइकाला न विचारता सांगायचा, "सूतभर इकडे नाही, सूतभर तिकडे नाही." गल्लीने त्याचं नावच साडेपंधरा ठेवलं. त्याला ते पदवीसारखं वाटायचं. गल्लीला काय वाटायचं, हे विचारायची गरज त्याला कधी वाटली नाही.

तो शर्टांचा शिंपी. रस्त्याकडची खोली दुकान, मागच्या दोन खोल्या घर, मध्ये जाड निळा पडदा. दुकानात कापडं कापायचं लांब टेबल, कोपऱ्यात शिवणयंत्र आणि भिंतीला एक अरुंद आरसा. आरसा मामाने स्वतःच्या उंचीला ठोकला होता. उंच माणसाला आपला गळा बघायला गुडघ्यांत वाकावं लागे, बुटक्याला टाचा उचलाव्या लागत, आणि दोघांचीही ती कसरत मामा मजेने बघत उभा राही. शिवणयंत्रावर मामी बसायची, दाराकडे पाठ करून. कापणं मामाचं; शिवणं, काजं, बटणं, इस्त्री आणि मापांची वही मामीची. तो माप बोलायचा, ती लिहायची. पाटीवर नाव एकट्याचं होतं.

दुकान चालायचं ते मामाच्या आवाजावर. त्याचा आवाज खरोखर देखणा होता, खर्जातला, किंचित खरखरीत, तिसऱ्या दुकानापर्यंत सहज पोचणारा. लोक शर्टासाठी यायचे आणि अपमान ऐकून खूश होऊन जायचे. एका तरुण कारकुनाच्या पाठीवर टेप लावून तो म्हणाला होता, "लिही. खांदा सव्वासतरा, उतार अर्धा, आळस पूर्ण." कारकून हसला आणि त्याने दोन शर्ट जास्त टाकले. बाकीचा दिवस तोच आवाज मामीसाठी असे. तिचं काज बघून बटणाला लाज वाटते, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की बटणं लाजत असतील असं मला लहानपणी खरंच वाटायचं.

गाठ पहिल्यांदा मामीला दिसली. मामा मान वर करून पाणी पीत होता. कंठाच्या डाव्या बाजूला, कातडीखाली, बोराएवढं काहीतरी घोटाबरोबर वर गेलं आणि खाली आलं. तिने सांगितलं. मामाने गळ्यातला टेप ओढला, मानेभोवती फिरवला, दोन बोटांत धरून आरशात वाचला. साडेपंधरा. "माप म्हणतंय काही नाही," तो म्हणाला, आणि विषय संपला. टेप पुन्हा गळ्यात गेला. गाठ बरोबर त्याच्याखाली होती, पण मामाने टेपाखाली बघण्याचे कष्ट कधी घेतले नाहीत. तो टेपावरचं वाचायचा.

तो टेप त्याच्या उस्तादाने त्याला दिलेला. पिवळ्या मेणकापडाचा, कडा काळवंडलेल्या, आकडे अर्धे पुसलेले. काच-धाग्याचे नवे टेप त्याला नकली दातांसारखे वाटायचे. आखणीची पट्टीही तो वापरत नसे. पट्टी शिकाऊंना लागते, म्हणायचा. गाठ दिसल्यापासून दर महिन्याच्या एक तारखेला दुकान उघडलं की पहिलं माप त्याच्या मानेचं. तो मोठ्याने सांगायचा, मामी वहीच्या शेवटच्या पानावर लिहायची. साडेपंधरा. साडेपंधरा. साडेपंधरा. सहा वर्षांत बहात्तर वेळा. इतक्या नेमाने कुणी स्वतःची पूजा केलेली मी पाहिलेली नाही.

माझी आई, म्हणजे त्याची धाकटी बहीण, दर भेटीत त्याच्यामागे लागायची. दादा, डॉक्टरला दाखव. यावर मामाकडे अस्सल शिंप्याचं उत्तर होतं. तो स्वतःचे शर्ट स्वतःच कापायचा, वरचं बटण कायम लावलेलं. "मान वाढली असती तर कॉलर आवळली नसती का? बघ, एक बोट जातंय." बोट जात होतं. कॉलरही त्याच टेपाने मापलेली होती, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

डॉक्टरांवर त्याचा राग नव्हता, नुसती कीव होती. ते टाके घालतात आणि स्वतःला कारागीर समजतात, असं त्याचं म्हणणं. ओळखीपाळखीत कुणाचंही ऑपरेशन झालं की हा भेटायला जायचा, तब्येत विचारायच्या आधी व्रण बघायचा आणि गुण द्यायचा. समोरच्या वह्या-पेनांच्या दुकानातल्या बाईंची थायरॉईडची अर्धी ग्रंथी काढली होती. त्या बिचाऱ्या गळ्याला रुमाल बांधून गल्ल्यावर बसायच्या. मामाने त्यांना रुमाल सोडायला लावला, वाकून बघितलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर निकाल दिला, "धावदोरा आहे. माझ्याकडे असता तर उसवून पुन्हा घालायला लावला असता." त्यानंतर त्या बाई आमच्या घरच्या कुणाशी बोलल्या नाहीत. मला त्यांचं बरोबर वाटलं.

बोराचं लिंबू झालं. मामा गोळी गिळताना थांबायला लागला. दोन उशांवर झोपायला लागला, आणि दोनच्या तीन झाल्या. लांबलचक वाक्याच्या शेवटी त्याला श्वास घ्यायला थांबावं लागे; मग तो ती जागा खोकल्याने भरून काढी आणि दोष कापडाच्या धुळीला देई. हळूहळू त्याचे अपमान आखूड झाले. गिऱ्हाइकांना वाटलं, मास्तर वयाने मवाळ झाले. मवाळ वगैरे काही नव्हतं. दम पुरत नव्हता.

त्याच्या साठाव्या वाढदिवसाला आईने एक तयार शर्ट आणला, साडेपंधराचा. शिंप्याला तयार शर्ट देणं हा तिचा सहा वर्षांचा सूड असावा. मामाने खोक्यातून शर्ट असा काढला, की जणू नाल्यातून काहीतरी उचलतोय. मग कंपनीच्या मालाची लायकी सगळ्यांना दाखवायला त्याने तो चढवला. बाकी सगळं बसलं. कॉलरचं बटण काजापर्यंत पोचेना. त्याने ओढलं, चेहरा लाल झाला, बटण तरी पोचेना.

मामाचा चेहरा उजळला. त्याने शर्ट काढला, कॉलर टेबलावर सपाट केली आणि टेप लावला. पंधरा. "चोर आहेत," तो समाधानाने म्हणाला. "साडेपंधरा छापतात आणि अर्धा इंच खातात. एवढ्याशा कॉलरमध्ये अर्धा इंच."

मामी यंत्रावरून उठली. बटणांमधलं अंतर आखायला तिच्याकडे एक फूटभर लांबीची पोलादी पट्टी होती. तिने ती टेबलावर ठेवली आणि मामाचा टेप ओढून तिच्या शेजारी सरळ केला. आम्ही सगळे वाकलो. पट्टी बारावर संपत होती, टेप तिथे साडेअकराच्या जरासा पुढे होता.

"तुझी पट्टी चुकीची आहे," मामा म्हणाला.

"पोलाद ताणत नाही," मामी म्हणाली. "कापड ताणतं. हे तुम्हीच मला पहिल्या वर्षी शिकवलंत."

उस्तादाचा टेप गळ्यात लोंबून, घामाने भिजून, ओढला जाऊन वर्षानुवर्षं लांब होत गेला होता. मान वाढत होती, टेप वाढत होता, आणि आकडा इमानदारीने जागेवर उभा होता. गिऱ्हाइकांचे शर्ट कधी चुकले नाहीत, कारण माणूसही त्याच टेपाने मापला जायचा आणि कापडही. या दुकानात खोटं दोन्हीकडून सारखंच होतं, म्हणून ते मस्त बसायचं.

मी मागच्या खोलीत मामीला विचारलं, तुला कधी कळलं. चार वर्षांपूर्वी, ती म्हणाली. बटणांचं अंतर जुळेना. तेव्हा त्यांना सांगितलं, तर म्हणाले, तुझी पट्टी बदल. मग मी बटणं माझ्या पट्टीने लावत राहिले.

"आणि मानेचं?"

"माप ते सांगतात. मी लिहिते."

ती हे भांडी पुसत म्हणाली, शांतपणे, जणू यात काही विशेष नाही. मला तिचाही तितकाच तिटकारा आला. चार वर्षं दर महिन्याला ती त्या पानावर तो आकडा लिहीत होती, तो खोटा आहे हे ठाऊक असताना, सुवाच्य अक्षरात. घरातल्या आज्ञाधारकपणाचं आपण फार कौतुक करतो. तो बऱ्याचदा असा दिसतो.

पट्टीपुढे मामाचं काही चाललं नाही; शेवटी मी त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई तरुण होत्या, आखूड केसांच्या. मामाने आत जाताच त्यांच्या पांढऱ्या कोटाची कॉलर बघितली आणि माझ्याकडे बघून डोळे मिटले. कॉलर ताठ ठेवणारं आतलं बकरम फुगलं होतं. बाईंचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. त्या सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत आकडे सांगत होत्या. गाठ बेचाळीस मिलिमीटर लांब, तीस रुंद, सत्तावीस खोल. आकारमान सुमारे अठरा मिलिलिटर. मामाने विचारलं, घेर किती. घेर आम्ही धरत नाही, त्या म्हणाल्या; गाठ बाहेर जेवढी येते तेवढीच आत, श्वासनळीकडे सरकते, आणि तिथपर्यंत टेप पोचत नाही. मामाने आयुष्यात पहिल्यांदा असं माप ऐकलं, जे त्याच्या हाताने घेता येणार नव्हतं. त्याला ते फसवणुकीसारखं वाटलं असणार.

बारीक सुईने गाठीतल्या पेशी काढून तपासल्या, काही आठवड्यांनी पुन्हा एकदा. दोन्ही वेळा गाठ साधी निघाली, कर्करोगाची नव्हे. मग बाईंनी रस्ते सांगितले. नुसतं लक्ष ठेवायचं, तर ते दिवस मामाने वहीच्या शेवटच्या पानावर घालवले होते. आता गाठ श्वासनळी दाबत होती. गाठीत पाणी असतं, तर ते काढून आत अल्कोहोल सोडता आलं असतं, पण ही भरीव होती. ऑपरेशन करून अर्धी ग्रंथी काढता येईल. गाठ जाईल, गळ्यावर व्रण राहील आणि कदाचित जन्मभर गोळी घ्यावी लागेल. किंवा सुई. जागा बधिर करायची, पडद्यावर बघत एक लांब सुई गाठीत न्यायची, तिचं टोक विजेच्या लहरींनी तापवायचं आणि गाठ आतल्या आत शिजवायची. मेलेला भाग शरीर हळूहळू शोषून घेतं. सहा महिन्यांत साधारण निम्मी, वर्षात त्याहून लहान. पूर्ण जाणार नाही, कदाचित पुन्हा करावं लागेल.

"टाके?" मामाने विचारलं.

"नाहीत."

एवढ्यावर त्याचं ठरलं. श्वास, गिळणं, वय, यातलं काही त्याच्या हिशेबात नव्हतं. दुसऱ्या कुणाची शिवण आपल्या गळ्यावर दिसणार नाही, एवढंच त्याला हवं होतं. माणसं योग्य निर्णय किती हलक्या कारणांसाठी घेतात, हे बघायला त्या दिवशी मामासोबत असायला हवं होतं.

बाईंनी मग धोका सांगितला. आवाजाची नस गाठीच्या अगदी पाठीमागून जाते. ऑपरेशनमध्ये तिला इजा होऊ शकते, सुईच्या उष्णतेनेही होऊ शकते. क्वचित, पण होऊ शकते. म्हणून सुई आत असताना त्याने मधूनमधून बोलायचं. आवाज बदलला की त्या लगेच थांबणार.

गाठीची मामाला सहा वर्षं भीती वाटली नव्हती. आता वाटली. आवाजाशिवाय तो कोण होता? एक बरा कापणारा. तसे शहरात पुष्कळ होते, आणि काहींच्या टेपाचे इंच खरे होते.

सुईच्या दिवशी मामी आणि मी दवाखान्यात पडद्याच्या बाहेर बाकावर बसलो होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं. बाई म्हणाल्या, आकडे मोजा. मामाने लहान मुलासारखे आकडे मोजायला नकार दिला आणि मापं बोलायला लागला, आठवणीतली, गिऱ्हाइकागणिक. शाळेचे हेडमास्तर, छाती एकोणचाळीस, पोट चव्वेचाळीस, विद्या शून्य. औषधवाले, खांदा अठरा, बाही साडेचोवीस, एक हात लांब, तो दुसऱ्याच्या खिशासाठी. आत कुणीतरी नर्स हसली. मामाला श्रोते मिळाले होते. गळ्यात तापलेली सुई असतानाही त्याला ते पुरेसं होतं. बाकावर मामीची उजव्या हाताची बोटं मांडीवर हलत होती. ती लिहीत होती. हातात पेन नव्हतं.

बराच वेळ असा गेला. मग एका गिऱ्हाइकाच्या गळ्याशी आल्यावर आवाज फाटला. आधी खरखर, मग नुसता वारा. बाई थांबल्या. त्यांनी थंड साखरपाण्याचं इंजेक्शन नसेजवळ सोडायला सांगितलं, सुई काढली आणि बोला म्हणाल्या. मामा बोलला. ओठ हलले असावेत. बाहेर काही आलं नाही. मामीची बोटं थांबली.

नसेजवळचा थोडा भाग मुद्दाम सोडून दिला होता, बाकी गाठ चांगली शिजली होती. आवाज बहुतेक परत येईल, बाई म्हणाल्या, काही दिवस किंवा काही आठवडे. तोवर जोर लावू नका. त्या 'बहुतेक' म्हणाल्या, हे मामाने आयुष्यात कुठल्या शब्दाकडे दिलं नसेल इतकं लक्ष देऊन ऐकलं. घरी येईपर्यंत त्याचा हात गळ्यावर होता.

पुढचे आठवडे दुकान शांत होतं. मामी मापं घ्यायची. तिने न विचारता काच-धाग्याचा टेप आणला होता. ती माप हळू आवाजात स्वतःलाच सांगायची आणि स्वतःच लिहायची. पोटं नुसती पोटं होती, खांदे नुसते खांदे. आरसा तिने वीतभर खाली घेतला. मामा टेबलामागे उभा राहून कुजबुजायचा; ऐकू न आल्याने गिऱ्हाईक मान पुढे करायचं आणि मग कंटाळून मामीकडे वळायचं. मग त्याने खडू उचलला. तो कापडावर लिहायला लागला: कच्चा. पुन्हा. वाकडं. मामी कापड झटकून खडू उडवायची आणि पुढे शिवायची. त्या दिवसांत एकदा मी गेले, तेव्हा तो आरशासमोर तोंड उघडं ठेवून उभा होता, आवाज काढायचा प्रयत्न करत. काहीच येत नव्हतं. माझ्या मनात आलं की असंच राहू दे. लाज वाटायला हवी होती. नाही वाटली.

सहाव्या आठवड्यात आवाज परत आला. एका दुपारी तो मागच्या खोलीतून पूर्ण खर्जात म्हणाला, "चहा पाणचट झालाय." मामी पडद्यापाशी थांबली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही वाचता आलं नाही.

सहा महिन्यांनी सोनोग्राफी झाली. अठराची गाठ आठवर आली होती. तो तीन उशांवरून एकीवर आला, गोळी एका घोटात गिळायला लागला, लांब वाक्यं पुन्हा शेवटपर्यंत न्यायला लागला. या सगळ्यातून तो काय शिकला, हे मला बघायचं होतं. त्याने काढलेला अर्थ असा: गाठ कधी नव्हतीच म्हणण्याएवढी, डॉक्टरांची मशीन शेवटी आपल्या मापाला आली. वह्यांच्या दुकानातल्या बाईंना त्याने रस्त्यावरून ओरडून आपला गळा दाखवला. एक टाका नाही, बघा. बाईंनी शटर अर्धं ओढलं.

मी तिथे होते तो दिवस एक तारखेचा होता. गिऱ्हाईक बसलेलं. मामाने मान ताठ केली आणि नेहमीसारखा टेप फिरवला. नवा टेप, कारण जुना मामीने कापून, शर्ट खुंटीला टांगायला कॉलरच्या आत लावतात त्या फितींना वापरला होता. त्याने आरशात बघितलं. आता बघायला त्याला वाकावं लागत होतं. नवा टेप पांढरा होता, आकडे काळे आणि ठसठशीत, तीन हातांवरूनही वाचता येत होते. ते मी वाचले, मामीनेही वाचले.

"लिही," मामा म्हणाला. आवाज तिसऱ्या दुकानापर्यंत गेला असेल. "साडेपंधरा."

मामीने वहीचं शेवटचं पान उघडलं आणि त्या लांबलचक रांगेखाली, त्याच सुवाच्य अक्षरात, पावणेसोळा लिहिलं. मग वही बंद न करता तशीच उघडी टेबलावर ठेवली, त्याच्याकडे तोंड करून, आणि शिवणयंत्रावर जाऊन बसली.